तासाला ऐंशी रुपये: विद्यापीठातला कथालेखनाचा एक कोर्स

आधी हिशेब. दुकानदार बाईकडून दुसरी अपेक्षाही नसावी.

फी ९,००० रुपये, दोन हप्त्यांत. माहितीपत्रकात १२ क्रेडिट लिहिले होते. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास. म्हणजे एकूण १८० तास आणि तासाला ५० रुपये. दर शनिवारी साडेदहा ते पाच, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी, असे ३० शनिवार ठरले होते. भरले २२, आणि त्यातलेही काही दुपारच्या चहालाच सुटले. मी वहीत मांडत गेले होते. ११३ तास झाले. पन्नासचा माल ऐंशीला पडला. वर फलटण ते स्वारगेट एसटी, तीही बायकांना मार्च २०२३पासून अर्धं तिकीट आहे म्हणून जाऊन-येऊन दोनशेच्या आसपास. झेरॉक्सचे पैसे धरलेले नाहीत. ते धरले तर नवरा ही वही लपवून ठेवेल.

तरी मला परवडलं. ते कसं, हे सांगायला जरा वेळ लागेल.

फलटणला आमचं मेडिकल स्टोअर आहे, एकोणीस वर्षं झाली. आम्ही दोघंही फार्मासिस्ट, त्यामुळे शनिवारी एकाला गायब होता येतं. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी असतं. त्या वेळात मी औषध कंपन्यांनी वाटलेल्या डायऱ्यांमध्ये गोष्टी लिहायचे. अकरा डायऱ्या भरल्या. एक गोष्ट स्थानिक पेपरच्या पुरवणीत आली, बाकीच्या शाम्पूच्या खोक्यात आहेत. कुणी वाचलं नव्हतं असं नाही. बहिणीनं वाचलं, तिला सगळंच आवडतं. नवऱ्यानं वाचलं आणि ‘बरंय’ म्हणाला. तो जेवणाला पण तेच म्हणतो. मला कुणीतरी अनोळखी, शेवटपर्यंत वाचणारं माणूस पाहिजे होतं. मराठी विभागाची जाहिरात दिसली: कथालेखन प्रमाणपत्र अभ्यासक्रम, वयाची अट नाही, पदवी किंवा पदविका पुरेशी. डी.फार्म. चालतं का, म्हणून फोन करून विचारलं. पलीकडच्या माणसाला डी.फार्म. म्हणजे काय ते सांगावं लागलं, पण चाललं.

विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. पुण्यात विद्यापीठं आता इतकी झालीत की ओळखू यायचं नाही. शिवाय माझं एक काम त्यांच्याकडे अजून अडकलंय. ते शेवटी सांगते.

पहिलाच शनिवार पालखीत सापडला. माउली आमच्याच रस्त्यानं यायची असते. एसटी आडवाटेनं वळवली आणि मी वर्गात पोचले तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता. तिसरा मजला, लिफ्ट ‘दुरुस्तीसाठी बंद’. पुढच्या वर्षी जाणार असाल तर हे गृहीत धरा. माझ्या वर्षभरात ती एकदाही चालली नाही. बाक लाकडी, सरळ पाठीचे, कॉलेजच्या पोरांच्या मापाचे. तिसऱ्या शनिवारपासून मी घरून उशी न्यायला लागले. आधी सगळे हसले. दिवाळीनंतर वर्गात पाच उश्या होत्या.

आम्ही सोळा जण होतो. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, प्राध्यापकीसाठीच्या सेट परीक्षेच्या तयारीत असलेल्या एम.ए.च्या दोन मुली, एक होमगार्ड, हडपसरहून येणारी एक गृहिणी. तिच्या कथामालिका ‘प्रतिलिपी’ ॲपवर हजारो लोक वाचतात, म्हणजे वर्गातल्या बाकी सगळ्यांच्या मिळून जेवढ्या वाचकांनी वाचलं असेल त्यापेक्षा जास्त. तरी पहिले दोन महिने तिच्याकडे जरा वरून बघितलं जायचं, माझ्याकडूनसुद्धा. आणि एक बीड जिल्ह्यातला पोरगा, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी पुण्यात राहणारा. खोलीभाडं परवडावं म्हणून तो रात्री एका सोसायटीत वॉचमनचं काम करायचा आणि शनिवारी थेट ड्यूटीवरून वर्गात. शेवटी अकरा उरलो.

पहिले सहा शनिवार एका सरांनी घेतले. सर विद्वान आहेत, मनानंही चांगले आहेत, आणि त्यांच्या वहीची पानं पिवळी पडली आहेत. १८९०ला ‘करमणूक’ निघालं तिथून सुरुवात. स्फुट गोष्ट, मग लघुकथा, मग तंत्र, मग तंत्राला कंटाळून आलेली नवकथा, मग ग्रामीण, मग दलित, मग स्त्रीवादी, प्रत्येकीला एक शनिवार. आम्ही उतरवून घेतलं. हे सगळं माहीत असू नये असं माझं म्हणणं नाही. पण सहा शनिवारांत कुणी एक ओळ लिहिली नाही. औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद मोठ्यानं वाचून दाखवला म्हणजे ताप उतरत नाही. सरांचं एकच वाक्य वहीत चौकटीत लिहिलेलं आहे: गोष्ट किती लांब असावी हे मराठीत बऱ्याचदा लेखकानं नाही, मासिकाच्या पानांनी ठरवलं. ते मला धंद्यातलं वाटलं, म्हणून लगेच पटलं. स्ट्रिपमध्ये दहाच गोळ्या का, याचं उत्तरही आजारात नसतं.

सातव्या शनिवारी मॅडम आल्या आणि कोर्स तिथून सुरू झाला.

मॅडमची पद्धत बाहेरून आलेली, आणि तसं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९३६ला लेखकांची कार्यशाळा सुरू झाली, लिहिण्यावर पदवी द्यायची पद्धत तिथं रुजली, आणि जगभरच्या असल्या वर्गांनी कमी-जास्त प्रमाणात तोच साचा उचलला. साचा साधा आहे. ज्याची गोष्ट असेल त्यानं ती आधी सगळ्यांना द्यायची. सगळ्यांनी घरून वाचून यायची. वर्गात तिच्यावर बोलायचं, आणि लिहिणाऱ्यानं तोवर गप्प बसायचं. खुलासा नाही, ‘मला असं म्हणायचं होतं’ नाही. आमच्याकडे गोष्ट बुधवारी रात्रीपर्यंत व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची आणि शनिवारी प्रत्येकानं लेखकासाठी अर्धं पान लिहून आणायचं, सही करून. सहीवर मॅडमचा फार कटाक्ष. बिनसहीचं मत त्या घेत नसत.

या अर्ध्या पानांसाठीच मी नऊ हजार दिले असं आता वाटतं. दहा-अकरा लोक तुमची गोष्ट शेवटपर्यंत वाचतात. त्यांना ती आवडलेली नसते, तरी वाचतात, कारण पुढच्या आठवड्यात त्यांची पाळी असते. आणि आपण दुसऱ्याची वाचतो तेव्हा तर जास्तच कळतं. त्या काकांची एक गोष्ट होती, निवृत्त माणूस बागेत बसून आयुष्य आठवतो. तिसऱ्या पानावर मला झोप आली आणि झोप नेमकी कुठल्या ओळीला आली ते लिहायचं म्हणून मी परत वाचली. माणूस बाकावर बसल्यापासून उठेपर्यंत काहीच करत नव्हता, नुसता आठवत होता. माझ्या अकरा डायऱ्यांतली निम्मी माणसं हेच करतात, ती काउंटरमागे उभी राहून, एवढाच फरक. ते मला त्या रात्री कळलं. माझ्या गोष्टी वाचून कधीच कळलं नसतं.

मॅडमचे गृहपाठही कामाचे होते. एसटी स्टँडवर ऐकलेलं दोन माणसांचं बोलणं जसंच्या तसं उतरवा, ‘म्हणाला’, ‘म्हणाली’ एकदाही न लिहिता. (लोणंदला दोन म्हाताऱ्या गॅसच्या सबसिडीवरून भांडत होत्या. माझे पैकीच्या पैकी.) लिहिलेल्या पानातली सगळी विशेषणं काढा आणि त्यातली फक्त दोन परत घ्या. एकच प्रसंग आधी सुनेच्या डोळ्यांनी, मग सासूच्या, आणि दोन्हीत कुणीच वाईट दिसता कामा नये. हा शेवटचा दिसतो त्यापेक्षा फार अवघड आहे, घरी करून बघा.

पण मला खरा धक्का दिला तो ‘होता’नं. मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे गोष्ट सांगायला बसलं की ओळीमागून ओळ होता, होती, होते, होतं अशीच संपत जाते. ‘संध्याकाळ झाली होती. दुकानात गर्दी होती. ती कोपऱ्यात उभी होती.’ मॅडमनी माझ्या पहिल्या पाच पानांतल्या सगळ्या ‘होता-होती’ना लाल गोल केले आणि खाली बेरीज मांडली: ६१. पान गोवर आलेल्या पोरासारखं दिसत होतं. (हे बघा, इथंही आलाच.) उपाय म्हणून मी सगळं वर्तमानकाळात केलं, ‘ती येते, ती उभी राहते’. तर मॅडम म्हणाल्या, ‘हे आता नाटकाच्या वहीसारखं झालं.’ मग शिकले. कधी वाक्य मध्येच तोडायचं, कधी क्रियापद आधी आणायचं, कधी क्रियापदच गाळायचं. बोलताना आपण हे सगळं न शिकता करतो, आणि लिहायला बसलो की शाळेतल्या निबंधासारखे ताठ होतो. एवढं साधं मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कुणीतरी लाल पेनानं दाखवावं लागलं.

आता माझी पाळी. डिसेंबरातला दुसरा शनिवार.

गोष्टीचं नाव होतं ‘वेदना’. हसू नका, मलाही आता हसू येतं. आमच्या भागात साखर कारखाने आहेत. दिवाळी झाली की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फडाजवळ कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, पडतात, आणि संध्याकाळनंतर बायका दुकानात येतात. औषधाचं नाव सांगत नाहीत, रिकामी स्ट्रिप पुढे करतात. ‘ही’ म्हणतात. नाव वाचता येत नाही, स्ट्रिपच्या रंगावरून ओळख. माझ्या गोष्टीत अशी एक बाई येते. दुकानदारीण तिला गोळी देते, तिच्या पोराच्या हातात बिस्किटाचा पुडा देते, मग दारात उभी राहून बाहेर बघते, आणि आकाशातली चंद्रकोर तिला कोयत्यासारखी दिसते. अकरा पानं, ४,२०० शब्द. लिहून झाल्यावर मला स्वतःलाच रडू आलं होतं.

काकांना चंद्रकोर फार आवडली. एम.ए.च्या एका मुलीनं तिला ‘प्रतिमा’ म्हटलं. मी गप्प बसून नम्र चेहरा करून ऐकत होते. मग बीडचा पोरगा बोलला.

‘ताई, ही बाई आमच्याकडची ना? मग ती “माझं” कशाला म्हणंल? ती “मपलं” म्हणंल. आन् “का” नाय म्हणत आमच्यात बाया. “कामून” म्हणत्यात.’

मी सातारी बोली बीडच्या बाईच्या तोंडात घातली होती. एवढंच असतं तर चाललं असतं, पेन्सिलीनं दुरुस्त करता आलं असतं. पण तो पुढे म्हणाला, ‘दुकानाला नाव हाय. बिस्कीट पारले-जी हाय. तिला नाव नाय.’

काका मदतीला धावले. म्हणाले, ‘ती प्रातिनिधिक आहे, एकूण वर्गाची.’

पोरगा म्हणाला, ‘मपली आई वीस वरसं कोयत्याला जाती. ती प्रातिनिधिक नाय.’ आणि आईचं नाव त्यानं सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही.

यावर कुणी काही बोललं नाही. मग हडपसरच्या त्या बाईनं, जिच्याकडे मी वरून बघत होते तिनं, आपलं अर्धं पान वाचलं. एका ओळीचं होतं. ‘गोळी कसली होती?’

कारण गोष्टीत मी नुसतं ‘गोळी’ लिहिलं होतं. अकरा पानांत एकदाही औषधाचं नाव नाही, मी फार्मासिस्ट असून. आणि का नाही ते मला पक्कं माहीत होतं. अंगदुखीची गोळी वेगळी. पण पाळी पुढे ढकलायची गोळीही बायका मागतात, कारण त्या चार दिवसांत काम बंद ठेवलं की खाडा पडतो आणि खाड्याचा दंड उचलीतून कापला जातो. ती गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसते. मग गोष्टीतल्या दुकानदारणीनं चिठ्ठी मागितली का? नव्हती तर दिली का? दिली तर पैसे घेतले का? वर्ग हेच सगळं एकमेकांना विचारत राहिला, वीस मिनिटं. मी तोंड मिटून. मॅडमनी माझ्या प्रतीवर समासात तीन ठिकाणी एकच प्रश्न लिहिला होता: ‘हे कोण बघतंय?’ चंद्रकोरीवर त्यांनी आडवी रेघ मारली होती, शेजारी काही लिहिलंही नव्हतं.

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली होती. सासवड येईपर्यंत मी त्या पोराशी मनात भांडत होते. जेजुरीला चहा घेतला. लोणंदला उतरून परत जावं आणि फी परत मागावी असं वाटलं. घरी आल्यावर नवरा म्हणाला, ‘कसं झालं?’ मी म्हटलं, ‘बरंय.’

एक गोष्ट इथं सांगायला पाहिजे, नाहीतर मी त्या गप्प बसण्याच्या नियमाची जाहिरात करते असं वाटेल. जानेवारीत त्या पोराची गोष्ट होती. मुकादम रात्री कोपीवर येतो, एवढीच. गोष्ट चांगली होती. पण वर्गाचा निम्मा वेळ ‘उचल म्हणजे नक्की काय’, ‘कोयता म्हणजे हत्यार की माणूस’ यातच गेला. उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली रक्कम, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे त्याला एका वाक्यात सांगता आलं असतं. पण नियम. तो खाली मान घालून बसला आणि ज्यांनी फड कधी पाहिला नाही ते त्याला त्याची गोष्ट समजावून सांगत होते. काही जणांनी तर या शब्दांना तळटीप दे म्हणून लिहून दिलं. अमेरिकेतही या नियमावर अलीकडे नेमकी हीच टीका झाली आहे: ज्याचं जग वर्गाला अनोळखी आहे, त्यालाच तो जास्त गप्प करतो. मॅडमनी त्या दिवशी नियम मोडला आणि त्याला म्हणाल्या, ‘तू विचार त्यांना.’ त्यानं काकांना विचारलं, ‘तुमच्या गोष्टीत ओव्हरड्राफ्ट आलाय. त्याला कुठं टीप दिलीया?’ त्यानंतर तळटिपेचा विषय कुणी काढला नाही.

माझी गोष्ट मी चार वेळा परत लिहिली. ४,२०० शब्दांची १,९०० झाली. ‘होता-होती’ ६१ होते, शेवटच्या खर्ड्यात १४. बिस्किटं गेली, चंद्र गेला. नाव बदललं, आता गोष्टीचं नाव ‘कॅश’. आमच्या बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये पेशंटच्या नावाचा रकाना असतो आणि नाव घातलं नाही तर तिथं आपोआप ‘कॅश’ छापून येतं. किती वर्षं मी ते बघत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. नव्या गोष्टीत दुकानदारीण चिठ्ठी मागत नाही, गोळी देते, पूर्ण छापील किंमत घेते, कारण दहा टक्के सूट ओळखीच्या गिऱ्हाइकांनाच. मग पहिल्यांदाच ती बाईला नाव विचारते. बाई सांगत नाही. ‘लिवा की कायबी’ म्हणते. हे वाक्य त्या पोराला फोन करून दाखवून घेतलं. ‘ह्ये बराबर हाय’ म्हणाला. आणि दुकानात मी आता चिठ्ठी मागते का, हे गोष्टीत नाही आणि इथंही नाही.

बाकीच्या तक्रारी भराभर सांगते. ग्रंथालयात ‘सत्यकथा’चे जुने बांधीव अंक आहेत, १९८२ला मासिक बंद पडेपर्यंतचे बरेचसे. पण प्रमाणपत्रवाल्यांना पुस्तक घरी मिळत नाही आणि शनिवारी ग्रंथालय दुपारी दोनला बंद, म्हणजे आमचा वर्ग सुटायच्या तीन तास आधी. झेरॉक्सचा खर्च तो हाच. बाहेरचे लेखक बोलावले चार, आले दोन. त्यातले एक जण ‘प्रतिभा शिकवता येत नाही’ यावर दीड तास बोलले आणि मानधनाच्या पावतीवर सही करून गेले. बायकांचं स्वच्छतागृह तळमजल्यावर, वर्ग तिसऱ्यावर, लिफ्टचं मघाशी सांगितलंच. चहा चांगला, वडा-सांबार घेऊ नका.

आणि परीक्षा. ६० गुण स्वतःच्या कथांना, ते ठीक. ४० गुण लेखी पेपरला. ‘कथेचे घटक सांगून कोणत्याही दोन घटकांचे सविस्तर विवेचन करा.’ वर्षभर गोष्टी लिहिलेल्या माणसांना शेवटी हा प्रश्न. दहापैकी सात मिळाले. त्या पोराला चार, कारण त्यानं घटक सांगायच्या ऐवजी दीड पानाची गोष्टच लिहून टाकली. अशा उत्तराला चार तरी कुणी आणि कशाबद्दल दिले असतील, हे मला कळलेलं नाही.

पाहुण्यांपैकी जे दुसरे आले ते एका दिवाळी अंकाचे संपादक. त्यांचा एक तास फुकटात देता आला असता तर मी मराठीत लिहिणाऱ्या सगळ्यांना दिला असता. ‘मनोरंजन’नं १९०९ला पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचं दुकान वर्षातून एकदाच मोठं उघडतं, असं ते म्हणाले. त्यांच्याकडे गोष्टी मेपासून यायला लागतात आणि जूनअखेर टेबल भरतं. ज्यांना वाटतं दिवाळीचं साहित्य दसऱ्याला पाठवायचं, त्यांनी पुढच्या दिवाळीची वाट बघावी. गोष्ट युनिकोडमध्ये पाठवा, जुन्या फॉन्टमध्ये पाठवली तर उघडल्यावर ठिपके दिसतात आणि ठिपके कुणी वाचत नाही. शब्दसंख्या वर लिहा. एकच गोष्ट तीन अंकांना पाठवू नका. संपादक एकमेकांना फोन करतात. सोबतच्या पत्रात गोष्टीचा आशय समजावून सांगू नका. पहिलं पान ते स्वतः वाचतात, दुसरं पान वाचायचं की नाही हे पहिलं पान ठरवतं. मानधनाबद्दल काकांनी विचारलं. ते हसले आणि म्हणाले, ‘अंक नक्की मिळेल.’

कुणी जावं? ज्याला प्रमाणपत्र लावून नोकरीत काही मिळेल असं वाटतं त्यानं जाऊ नये, काही मिळत नाही. ज्याला गोष्टीवर फक्त कौतुक ऐकायचंय त्यानं बहिणीला वाचायला द्यावी, मी अजूनही देते. ज्याच्या डायऱ्या भरल्यात आणि जो त्याच त्याच गोष्टीत फिरतोय, त्यानं जावं, पण आधी एक चौकशी करावी. कार्यशाळा कोण घेणार आहे आणि ती कितव्या शनिवारी सुरू होणार आहे. आमच्या मॅडमची नेमणूक तासिका तत्त्वावर आहे, दर वर्षी नवी. पुढच्या वर्षी त्या असतील का, हे विभागात विचारलं तर ‘जाहिरात निघेल तेव्हा कळेल’ असं उत्तर आलं. त्या नसतील तर हा कोर्स म्हणजे पिवळ्या वहीचे तीस शनिवार. मॅडमसकट पाचपैकी चार तारे. त्यांच्याशिवाय दीड, त्यातला अर्धा चहाचा.

वर्ग संपला तरी आमच्यातले सहा जण अजून बुधवारी रात्री गोष्टी टाकतात. शनिवारी फोनवर बोलतो, प्रत्येकाला अर्धं पान, सहीसकट फोटो काढून. पोरगा मुख्य परीक्षेच्या तयारीत आहे, त्याचं अर्धं पान कधीकधी सोमवारी येतं. ‘कॅश’ एका अंकाला जूनमध्ये पाठवली होती, ‘वाचून कळवतो’ असा निरोप आलाय. अजून कळवलेलं नाही.

आणि ते अडकलेलं काम. प्रमाणपत्र आलं आणि त्यावर माझ्या आडनावातला काना गेलाय. ते आता दुसरंच आडनाव झालंय, फलटणमध्ये त्या आडनावाचं कुणी नाही. दुरुस्तीला अर्ज, आधारची प्रत, शंभर रुपयांचं चलन, आणि खिडकी सोमवार ते शुक्रवार अकरा ते एक. शनिवारी बंद. मंगळवारी जाणार आहे, सव्वासहाच्या गाडीनं. नवऱ्याला सांगून ठेवलंय, दुकान एकट्यानं बघ.